दोन फूट चार इंच

धातू शोधायचं यंत्र कुईं करून ओरडलं आणि जमिनीचा मोजणीदार गुडघ्यांवर बसला. त्याने खुरप्याने माती उकरली. पुन्हा बोल्टच निघाला. सकाळपासूनचा सातवा.

"तुमच्या जमिनीत अर्धी गाडी पुरलेली दिसते," तो म्हणाला.

"इंजिन सापडलं तर ते माझं," म्हातारा मेकॅनिक म्हणाला.

त्याची मुलगी हसली नाही. तिचा जीव घड्याळात अडकला होता. अडीच वाजले होते.

गॅरेज विकायचं ठरलं होतं. गिऱ्हाईक तयार होतं. पण त्या परक्या देशात धंद्याची जागा नुसत्या शब्दावर दुसऱ्याच्या नावावर होत नसे. नवी मोजणी लागे, आणि जागेच्या मालकीत कुठे खोट नाही असं वकिलाला लिहून द्यावं लागे. वकिलाने आज चार वाजेपर्यंतची मुदत दिली होती. चार टळले की गिऱ्हाईक पलीकडच्या रस्त्यावरची जागा घेणार होतं. आणि मायदेशी, कंबरेच्या ऑपरेशननंतर, मुलीची आई चार महिने एकटी वाट बघत होती. दोन सूटकेसा दोरीने बांधून दाराशी ठेवल्या होत्या.

हद्दीच्या चार लोखंडी खुंट्यांपैकी तीन सापडल्या होत्या. चौथी, शेजारच्या शिंप्याच्या बाजूची, काही केल्या हाती लागेना.

यंत्र पुन्हा ओरडलं. या वेळी आवाज थांबेचना. मोजणीदाराने गॅरेजच्या उतारावरचा सिमेंटचा ढलपा काढला, खाली हात घातला. गंजलेली जाड खुंटी, डोक्यावर नंबर. मेकॅनिकने मुलीच्या पाठीवर अशी थाप मारली की ती दोन पावलं पुढे गेली.

मोजणीदाराने दुर्बिणीला डोळा लावला. एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं. दुसऱ्यांदा मोजताना त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"खुंटी इथे, आणि तुमची भिंत तिथे. भिंत शेजाऱ्याच्या जागेत गेली आहे. दोन फूट चार इंच."

"मी कुंपणाला दोरी लावून पाया खणला होता," मेकॅनिक म्हणाला.

"कुंपणच चुकीच्या जागी असणार. आता शेजाऱ्याने ती पट्टी सोडल्याची सही दिली तर वकील कागद करतील. नाहीतर भिंत पाडावी लागेल."

मेकॅनिक जुन्या टायरवर बसला. "मग संपलं," तो म्हणाला.

त्या गल्लीत मराठी बोलणारी घरं दोनच, त्याचं आणि शिंप्याचं. सुरुवातीची दोन वर्षं दोघे एका ताटात जेवले. मग एके सकाळी शिंपी हातात कोट घेऊन आला. तुझ्या पेट्रोलचा वास माझ्या कपड्यांना लागतो, आजपासून तुझा माझा संबंध संपला, असं म्हणून निघून गेला. त्याला आता पंचवीस वर्षं झाली होती. एरवी शिंप्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुणाची कंबर किती वाढली, कुणाच्या खिशाला भोक पडलं, सगळं गल्लीला सांगायचा. मेकॅनिक दिसला की मात्र तोंड शिवल्यासारखं करून वळायचा.

"त्याच्या उंबऱ्यावर आपल्यातलं कुणी पाय ठेवायचा नाही," मेकॅनिक म्हणाला.

"बाबा, आई वाट बघते आहे," मुलगी म्हणाली. तिने मोजणीदाराच्या हातातून कागद ओढला आणि पळत सुटली. साक्षीला म्हणून मोजणीदारही मागे धावला.

शिंप्याचं दुकान अरुंद होतं. मधोमध इस्त्रीचं मोठं टेबल. आत जायचं तर अंग चोरूनच जावं लागे. शिंपी गळ्यात टेप टाकून बाहीला टाचण्या लावत होता. दोन टाचण्या त्याच्या ओठांत होत्या. त्याने मुलीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या नकाशाकडे पाहिलं, मागच्या मोजणीदाराकडे पाहिलं. मग ओठांतल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"दोन फूट चार इंच," तो म्हणाला.

मुलीला धाप लागली होती. ती तशीच उभी राहिली. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"इस्त्रीला मागे शेड घालायची होती. जागा मोजायला हाच टेप घेऊन गेलो, तर कागदातल्यापेक्षा तेवढीच कमी भरली. शिंप्याच्या टेपात चूक नसते गं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुझा बाप सरळ माणूस. कळलं असतं तर त्याच दिवशी पहार घेऊन भिंत पाडायला उभा राहिला असता. त्या भिंतीच्या आधारावर वरची तुमची खोली उभी होती, आणि खोलीत तू आठ दिवसांची."

त्याने चष्मा लावला, इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरला आणि मोजणीदाराने बोट ठेवलं तिथे सावकाश सही केली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. मोजणीदार कागद घेऊन वकिलाकडे धावला.

मुलगी तिथेच थांबली. "पण मग बाबांशी भांडलात कशाला? वासाचं ते नुसतं निमित्तच होतं ना?"

दाराशी कुणीतरी खाकरलं. तेलकट डगल्यात मेकॅनिक उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. मुलीला परत न्यायला आला होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. त्याचा हात चौकटीवर होता.

शिंप्याने दोन्ही हातांनी इस्त्रीचं टेबल बाजूला लोटलं. एका माणसाला सरळ येता येईल एवढी वाट झाली.

"ये रे आत," तो म्हणाला. "आता तुझ्यापासून लपवायचं काही उरलं नाही. आता बोलायला हरकत नाही."