व्हॉल्व्हवरचं कापड

"बाबा, हे पुन्हा कुणी सोडलं?"

इलोनाने जमिनीवरची लोकरी कापडाची गुंडाळी उचलली. घरामागे विजेवर घर गरम करणाऱ्या हीट पंपाची पेटी होती. तिच्यातून निघालेल्या नळ्यांवरचे दोन पितळी व्हॉल्व्ह उघडेबोडके दिसत होते. मागच्या रविवारीच तिने ते गुंडाळून वर चिकटपट्टी लावली होती.

"मी सोडलं," बोगुमिल म्हणाला. "त्याला गार लागायला हवं."

"कुणाला?"

"व्हॉल्व्हला. पण तू ऐकतेस कुठे? चल आत, बिटाचं सूप निवतंय."

दोन हिवाळ्यांपूर्वी तिनेच हट्टाने वडिलांची कोळशाची शेगडी काढून हा पंप बसवला होता. घर उबदार ठेवणारं पाणी बाहेरच्या पेटीतून फिरून यायचं. ते गोठलं तर पेटी फुटणार. सुवाल्की भागातल्या कडक थंडीत ही धास्ती तिला शंभर किलोमीटरवरच्या आपल्या घरीही झोपू देत नसे. बाकीच्या नळ्यांवर जाड वेष्टण होतं. हे दोन तुकडेच तेवढे उघडे, आणि म्हातारा ते झाकू देईना. तिने ते पुन्हा गुंडाळले. पट्टी घट्ट ओढली.

सोमवारी तिने वडिलांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. मी गुंडाळते, ते सोडतात. म्हणतात, व्हॉल्व्हला गार लागायला हवं. पलीकडून लिहिल्याचा आवाज आला. वृद्धाश्रमाच्या अर्जावर 'स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ' या ओळीखाली इलोनाची सही झाली. बोगुमिलला ती येत्या रविवारी सांगणार होती.

गुरुवारी सकाळी तो उठलाच नाही.

शनिवारी बाराला चर्चमध्ये अंत्यविधी होता. दफनानंतर चाळीस माणसं घरी जेवायला यायची होती, त्यांत दोन तान्ही बाळं. बाहेर उणे सव्वीस अंश, आणि पहाटेपासून वीज गेलेली. पंप बंद म्हणजे पाणी जागच्या जागी उभं. खोलीतले रेडिएटर हाताला दगडासारखे लागत होते. इलोनाने पेटीवर घालायला वडिलांच्या पलंगावरची रजई ओढली आणि ती मागच्या दाराने धावली.

कोपऱ्यावरच तिचे पाय थांबले. व्हॉल्व्हवर कापड नव्हतं. गुरुवारपूर्वीच त्याने ते पुन्हा सोडलं होतं. खाली बर्फाचा पांढरा उंचवटा साचला होता, वरून निथळत येऊन गोठलेल्या पाण्याचा.

शेवटी केलंतच, बाबा, तिच्या मनात आलं.

पंप बसवणारा टिश्को काळा कोट घालून लवकरच आला होता. तिने त्याला हाक मारली. तो गुडघ्यांवर बसला, पेटीचं झाकण काढून आत डोकावला, टकटक करून पाहिलं.

"फुटला ना?" इलोनाने विचारलं.

"कशाला फुटतोय? ठणठणीत आहे."

"मग हे पाणी?"

"ते यांनीच सोडलं." त्याने व्हॉल्व्हवर बोट टेकवलं. "पाणी गोठायच्या बेताला आलं की हे आपसूक उघडतात. पेटी रिकामी, मग फुटायला राहतं काय? वीज आली की पाणी भरू, तासाभरात घर गरम."

इलोनाने वाकून उघड्या पितळेला हात लावला.

"लोक यांनाच गुंडाळून ठेवतात," टिश्को हात झाडत उठला. "मायेपोटी. मग व्हॉल्व्ह उबेत, उघडतच नाहीत, आणि पेटी तिकडे दगड. मागच्या आठवड्यात अशा तीन गेल्या. काकांना मी हे एकदाच सांगितलं होतं, तेही पंप बसवताना. पठ्ठ्याने बरोबर ध्यानात ठेवलं." मग तो जरा घुटमळला. "गावात तर म्हणत होते, अलीकडे त्यांना काही सुधरत नव्हतं."

"मीच म्हणत होते."

टिश्कोने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि तिला एकटं सोडून तो पुढच्या दाराकडे निघाला.

इलोना रजई छातीशी धरून उभी राहिली. मग वडिलांच्या खोलीच्या बंद खिडकीकडे तोंड करून, आत कुणाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, मी तुम्हाला वृद्धाश्रमात पाठवणार होते."