एक, दोन, तीन, चोर

सागरगोटे खट्ट वाजले आणि दुपारची शांतता मोडली. कपड्यांच्या घड्या घालणारे प्राप्तीचे हात थांबले.

"एक, दोन, तीन, चोर," माजघरात चार वर्षांची ईशू मोजत होती.

चारला चोर म्हणायची ती फक्त जागृती, रेवदंड्याच्या शाळेत प्राप्तीच्या बाकावर बसणारी. दहावीचा निकाल लागायच्या आत घरच्यांनी तिला उजवली. वर्षभरात ती पहिल्या बाळंतपणात गेली, आणि तेराव्याला "नशीब पोरीचं" म्हणत सगळे गोडाचं जेवले. तो राग प्राप्तीच्या मनात अजून तसाच होता. या घरात तिनं जागृतीचं नावही कधी काढलं नव्हतं.

"कोणी शिकवलं गं तुला?"

"या ताईनं." ईशूनं समोरच्या रिकाम्या पाटाकडे बोट केलं. "आई, हिनं तर शाळेचा ड्रेस घातलाय. मग हिचं पोट एवढं मोठं का गं?"