नव्या मुळ्या फुटल्यावर

आफ्रिकेच्या लढाईवर गेलेल्या माझ्या जावयानं येताना गारगोटीसारखं दिसणारं एक झाड आणलं, आणि वर्षभरात तो तापानं गेला. मुलीचा, जमुनेचा, दुसरीकडे पाट लावून द्यायचा म्हणून मी तिला न्यायला चांदूरला गेलो, तेव्हा तिची सासू पार्बताबाई त्याच झाडाला पाणी घालत होती. काळ्या मातीत ते बुडाशी सडलं होतं. मी संत्र्याचा माळी. झाड उपटलं आणि कलमाच्या चाकूनं सगळ्या जुन्या मुळ्या कापल्या. “माह्या पोराची येवढीच निशाणी होती इवाई, मारली तुमी!” ती ओरडली. “मरत नाही, ईनबाई. कोरड्या रेतीवर ठेवा, पाणी दाखवू नका. पंधरा दिवसांत नव्या मुळ्या फुटतीन.” “मंग फुटल्यावरच न्या पोरीले.” पंधरा दिवसांनी गेलो, मुळ्या नव्हत्या. महिन्यानं गेलो, तरी नव्हत्या. “तुमची माळीगिरी संत्र्यापुरतीच दिसते,” म्हणत ती पाणी आणायला आत गेली. मी झाड उचलून पाहिलं. ते टणक होतं, जिवंत होतं. बुडाशी पांढरे ठिपके होते, नखानं खुडल्याचे. मी जमुनेकडे पाहिलं. “मीच खुडते, बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी गेली तं आत्याबाईले कोण हाये?” तिकडे सोयरीक ठरली होती, माणूस चांगला होता, शेत ओलिताचं होतं. मी झाड परत रेतीवर ठेवलं आणि आत हाक मारली, “ईनबाई, याले वेळ लागते. साल बी लागन. राहू द्या पोरीले.”