वरचा सा

सात आठवड्यांनी डॉक्टर तांबोळींनी मृणालिनीबाईंच्या गळ्याभोवतीचा पेशी नव्या करणारा पट्टा काढला आणि आरसा पुढे धरला. लोंबणारी हनुवटी गेली होती, मान तिशीतल्या बाईसारखी घट्ट दिसत होती. भाचीच्या लग्नातल्या फोटोंसाठी त्यांना एवढंच हवं होतं.

"आतले स्नायूही बदललेत," डॉक्टर म्हणाल्या. "आवाजात फरक पडेल."

मृणालिनीबाईंनी आरसा बाजूला सारला. वरचा सा फाटायला लागला म्हणून बारा वर्षांपूर्वी त्यांनी गाणं सोडलं होतं. आता उरलासुरला आवाजही गेला की काय?

घरी येताच त्यांनी दार लावून तंबोरा जुळवला. भीत भीत एकेक स्वर चढत त्या वरच्या 'सा'पाशी पोचल्या. तो लागला, अगदी स्वच्छ आणि भरदार.

अंगणात झाडांना पाणी घालणारे गजाननराव पाइप टाकून धावत आले. "अगं, तुझ्या मैफलीची जुनी टेप कुठे सापडली?"

"अहो, टेप कसली! मीच गातेय," म्हणताना त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं.

गजाननराव ओल्या पायांनीच सतरंजीवर बसले. "मग थांबलीस का? गा ना!"

त्या दिवशी दोघं दुपारचं जेवण संध्याकाळी जेवले.