तळ्यातल्या आजाऱ्यांची विचारपूस

अर्डेलिया आत्या मोटारीतून उतरली ती मक्याच्या पावाने भरलेला थाळा घेऊनच. मागोमाग चर्चमधल्या मिसेस टूली, हॅट सांभाळत. तिच्या भाच्याचे, लव्हेलचे, तळ्यात पाळलेले कॅटफिश आजारी आहेत हे रविवारी चर्चमध्ये कळलं होतं, आणि आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही हा तिथला नियम होता. आजाऱ्याला कल्ले असतील तर काय, हे नियमात नव्हतं.

लव्हेल बांधावर आडवा उभा राहिला. "आत्या, चारा बंद केलाय. डॉक्टरने सांगितलंय."

"कोण, तो कॉलेजातून नुकताच सुटलेला? त्याला मिसरूड फुटलं नाही अजून. त्याच्यापेक्षा तुझ्या माशांना मिशा जास्त."

लव्हेलने टोपलीतला एक मेलेला मासा उचलून तिच्यापुढे धरला. दोन डोळ्यांच्या मधोमध कवटीला लाल भोक. "जंतू चाऱ्याबरोबर पोटात जातो. आतडं, यकृत, मग मेंदू. आतून सडवत सडवत शेवटी असा बाहेर पडतो. खातात ते मरतात, आत्या. दोन तळी गेली. हे गेलं की संपलंच सगळं माझं."

आत्याने भोकाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "डोक्याला भोक पडलं म्हणून उपाशी ठेवतोस? तुला तर जन्मापासून आहे. मी ठेवलं का उपाशी?"

मिसेस टूली हसल्या नाहीत. त्यांनी 'आमेन' म्हटलं.

आत्याने त्याला कोपराने बाजूला सारलं आणि थाळा तळ्यावर उपडा केला.

पाणी उकळल्यासारखं झालं. इतके दिवस उपाशी ठेवलेले धडधाकट मासे एकमेकांच्या अंगावर चढत पावावर तुटून पडले. आजारी तेवढे कडेला राहिले. शेपटी खाली, तोंड वर, स्वतःभोवती गरगरत. पावाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"बघ मेल्या," आत्या म्हणाली, "जेवतायत ते सगळे ठणठणीत. न जेवणारेच आजारी. एवढं कळायला कॉलेजात जावं लागतं?"

लव्हेल बुटांसकट पाण्यात उतरला, छातीइतक्या पाण्यात गेला आणि एका हाताने मासे हाकलत दुसऱ्या हाताने पावाचे तुकडे टोपीत भरू लागला.

आत्या थाळा त्याच्याच वाळत घातलेल्या शर्टाने पुसत होती. मिसेस टूलींना म्हणाली, "लहानपणापासून असाच. दुसऱ्याच्या ताटातलं ओढायचं."