फळ धरेपर्यंत

मावशींनी कात्री पुढे केली आणि नेमकी दाराची घंटा वाजली. कात्री झटकन शिवणाच्या डब्यात टाकून त्यांनी दार उघडलं.

"आज लवकर आलात?"

"आधीचं घर पटकन उरकलं," माळी म्हणाला.

रोपवाटिकेनं आंब्याचं कलम देताना लेखी दिलं होतं: पहिलं फळ धरेपर्यंत आमचा माळी दर महिन्याला येऊन झाड बघेल. घरच्या बागेसाठीची बुटकी जात ती, पिंपातसुद्धा दुसऱ्या वर्षी आंबे देणारी. मावशींच्या गॅलरीत मात्र चार वर्षं नुसती हिरवीगार उभी होती. बिचारीचा काही दोष नव्हता. मोहोर दिसला रे दिसला की मावशी दोरे कापायच्या कात्रीनं तो छाटायच्या. शिवणकाम डोळ्यांपायी सुटलं होतं, मुलगा फोनवरही घाईतच असायचा. महिन्यातून एकदा दोन कप चहा टाकायला मिळायचा, तो या माळ्यामुळे.

यंदा एक तुरा नजरेतून सुटला. आज पानांमागे सुपारीएवढी कैरी लोंबताना दिसली आणि मावशींनी लगेच कात्री आणली.

"मावशी, आज आधी चहा टाका. घसा सुकलाय."

एरवी तो आधी झाड बघायचा. मावशी स्वयंपाकघरात गेल्या. चहात साखर दोनदा पडली. आता याचं येणं संपलं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

चहा घेऊन आल्या तेव्हा तो पिंपापाशी उकिडवा बसला होता.

"काय म्हणतंय झाड?"

"काय म्हणणार? ढिम्म!" त्यानं डाव्या हातानं कप घेतला. उजवा खिशात होता. "खत बदलून बघू. काही झाडं पाच-पाच वर्षं हलत नाहीत."

"मालक ओरडत नाहीत तुम्हाला?"

"ओरडतात की. पण लेखी दिलंय ना त्यांनीच."

तो गोडमिट्ट चहा त्यानं सावकाश संपवला. खोलीवर जाऊन तरी काय करायचंय, म्हणाला. मग उठला. "येतो पुढच्या महिन्यात."

जिन्यावरची पावलं थांबेपर्यंत मावशी दारातच उभ्या होत्या. जीव भांड्यात पडला होता. मग कात्री घेऊन त्या गॅलरीत गेल्या आणि पानं बाजूला सारली.

देठ रिकामा होता. टोकाशी चिकाचा थेंब अजून ओला होता.