आमेन होईपर्यंत

जिन्यातच चर्चच्या पाळकांनी हाताखाली शिकणाऱ्या मुलीला सांगून टाकलं, आज ते तोंड उघडणार नाहीत. बायबलमधलं वचन तिनेच वाचायचं, प्रार्थनाही तिनेच करायची. जमलं, तर या भागातल्या आजाऱ्यांच्या भेटी तिच्याकडे. नाही जमलं, तर आणखी वर्षभर त्यांच्या मागे मागे हिंडायचं. तरुण संघात भाषण ठोकणं वेगळं आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणं वेगळं, असंही ते म्हणाले.

घर एका वायरमनचं. अर्धांगवायूने माणूस खाटेला खिळलेला, वाचाही गेलेली; एक हात मात्र अजून हट्टी. एकटं सोडलं की त्या हाताने खाटेची कड धरून उठायला बघायचा आणि पडायचा. त्याच्या बायकोने पाहुण्यांना खुर्च्या दिल्या आणि स्वतः दाराशी स्टुलावर बसली.

वचन वाचून झालं, ते ठीक झालं. मग सगळ्यांनी डोळे मिटले. पाळकांनीही मिटले, जन्माची सवय.

मुलीने प्रभूला हाक मारली, या घरावर दया कर म्हणाली, आणि तिथेच गाडी अडली. घोकून आणलेलं सगळं पार पुसलं गेलं. ती थांबली आणि घाईघाईने आमेन म्हणून मोकळी झाली. एवढ्यात पाळकांची प्रस्तावनाही होत नाही.

तिने डोळे उघडले, तर स्टूल रिकामं होतं.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी दोन पावलं दिसत होती. ती धावत गेली. वायरमनची बायको कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसल्या बसल्या गाढ झोपली होती. मुलीने खांद्याला हात लावताच ती दचकून उठली आणि पदर सावरू लागली.

“झालं? एवढ्यात?” मग ओशाळून म्हणाली, “पाळकसाहेब प्रार्थनेला लागले की ह्यांच्याजवळ कुणीतरी असतं. तेवढाच डोळा लागतो माझा. आमेन जवळ आलं की त्यांच्या आवाजावरून कळतं, उठून येते.”

बाहेर पाळकांना सगळं ऐकू आलं. इतके महिने ते दर गुरुवारी येत होते. डोळे उघडले की ही बाई स्टुलावरच असायची आणि तिचे डोळे लाल असायचे. प्रार्थना काळजाला भिडली, असं ते समजायचे. त्यांना स्वतःची लाज वाटली.

आत मुलगी तिला नीट आडवं व्हा म्हणून सांगत होती. बाई ऐकेना. पाहुणे नुसते बसलेले असताना घरच्या बाईने झोपायचं, हे तिला कसंसंच वाटत होतं. प्रार्थना चालू असली की गोष्ट वेगळी, तेव्हा कुणी बघत नाही.

मुलगी बाहेर आली. आज पाळकांनी बोलायचं नाही, हे जिन्यात ठरलं होतं. ते तिने सरळ मोडीत काढलं.

“पाळकसाहेब, आता तुम्ही सुरू करा. आणि घाई करू नका.”

पाळकांनी खुर्ची खाटेजवळ ओढली, तो हट्टी हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मोठ्याने सुरुवात केली. आतल्या खोलीत पलंग करकरला. त्यांनी प्रार्थनेत चर्चच्या मंडळीतले आजारी घेतले, परीक्षेला बसलेली मुलं घेतली, शेजारीपाजारी घेतले, वाटेवरचे अनोळखी प्रवासीही सोडले नाहीत. डोळे मात्र उघडेच ठेवले.

आमेन म्हणायला संध्याकाळ झाली.